कागद आप्पारावांकडून

परळीत एका वकिलाकडं उत्तरेश्वरनं अकरा वर्षं टाइप केलं, आणि त्या अकरा वर्षांत त्याला कोर्टाची नाही, पण वकिलाच्या पायरीची शिसारी बसली. पहाटेच्या एसटीनं आलेला पक्षकार दिवस कलेपर्यंत त्या पायरीवर बसायचा. वकीलसाहेब गुटख्याची पुडी फोडत बाहेर यायचे, भिंतीवर पिचकारी मारायचे आणि सांगायचे, "तारीख पडली." बस. का पडली, कोण गैरहजर होतं, पुढं काय, हे सांगायचं नाही. सांगितलं तर माणूस शहाणा होतो आणि शहाणा माणूस फी देताना प्रश्न विचारतो. उत्तरेश्वरला सगळं ठाऊक असायचं, कारण सगळं त्याच्याच बोटांखालून गेलेलं असायचं. पायरीवरचा म्हातारा आशेनं त्याच्याकडं बघायचा आणि हा मान खाली घालून टाइप करायचा. घरी जाऊन जेवताना घास तोंडात फिरायचा.

चौऱ्याण्णव साली त्यानं नोकरीला रामराम ठोकला आणि सिरसाळ्याला, आपल्या गावी येऊन पत्रक काढलं. नाव 'कोर्टात काय झालं'. पाठपोट एक कागद, पंधरा दिवसांनी एकदा. कुणाचा खटला कुठं अडलाय, मनाई हुकूम म्हणजे काय, साक्षीदार नेला नाही तर काय नुकसान, सगळं चुलीपुढच्या बाईला कळेल असं. गावात बसवराजनं नवंच एसटीडीचं बूथ टाकलं होतं, त्यातच झेरॉक्सचं मशीन होतं. बाजारच्या दिवशी बसवराज बूथसमोर उभा राहून पत्रक मोठ्यानं वाचायचा. ऐकणारे पन्नास, रुपया देणारे पाच. गणपतीच्या कमानीला पाचशेची पावती फाडणारे पुढारी फुकट ऐकायचे, मिशीवर हात फिरवायचे आणि म्हणायचे, "चांगलं काम हाय." असल्या शाबासकीचा उत्तरेश्वरला वीट आला होता. शाबासकीवर मशीन चालत नाही.

न चुकता रुपया देणाऱ्यांत एक साखराबाई होती. अंडी विकायची. नवरा गेल्यावर तिची तीन एकर जमीन खोट्या खरेदीखतावर आप्पारावांनी दाबली होती, तिचा दावा परळीत चालू होता. अक्षराची ओळख नाही, पण पुढं बसून ऐकायची, रुपया द्यायची आणि पत्रक घडी करून पिशवीत ठेवायची. ते पत्रक ती घरी कुणाकडून पुन्हा वाचून घ्यायची.

दोन वर्षांत उत्तरेश्वरची गाठीची पुंजी संपली. कागद आणायला पैसे राहिले नाहीत. तेव्हा आप्पाराव स्वतः घरी आले. मोठे बागायतदार, पंचायत समितीत उठबस. कागदाचे गठ्ठे गड्याच्या डोक्यावर.

"गरिबाला कायदा कळला पायजे," आप्पाराव म्हणाले. "मला काय नको. खाली नाव तेवढं घाला, आपली रीतच हाय."

रीत खरीच होती. आपल्याकडं देवळात ताट दिलं तरी काठावर नाव कोरतात. पंख्याच्या पात्यावर तर असं ठळक घालतात की नाव वाचायला पंखा बंद करावा लागतो आणि भाविक घामाघूम होतात. कागद दिला तर नाव नको? उत्तरेश्वरनं खाली ओळ टाकली : 'कागद आप्पारावांकडून.' कागदाला जात नसते, अशी त्यानं मनाची समजूत घातली. लिहिणारा हात आपला आहे ना, मग झालं.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात साखराबाईचा दावा फेटाळला गेला. तिच्या वकिलानं पायरीवरच सांगितलं, "संपलं आता, घरी जा." उत्तरेश्वरनं त्याच रात्री पत्रक लिहिलं : साखराबाईचं सगळं संपलेलं नाही, अंबाजोगाईला अपील होतं, मुदत तीस दिवस, निकालाची नक्कल आजच मागा. आप्पारावांच्याच कागदावर आप्पारावांच्या विरुद्ध लिहिलं म्हणून त्याची छाती फुगली. पुढं त्या फुगण्याची आठवण झाली की त्याला स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटे.

बाजारच्या दिवशी बसवराजनं पत्रक वाचलं. खालची ओळ त्यानं नेहमीसारखी सगळ्यांत मोठ्यानं वाचली, कारण बूथाची जागा आप्पारावांची होती. साखराबाई पुढंच बसली होती. आप्पाराव दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "झकास लिवलंय. खरं ते खरं." आणि आणखी दोन गठ्ठे ठेवून गेले. तो माणूस एवढा दिलदार कसा, हा प्रश्न उत्तरेश्वरला तेव्हा पडला नाही.

दीड महिन्यानं तो अंबाजोगाईला गेला आणि चौकशी केली. साखराबाईचं अपील दाखलच नव्हतं.

परत येताना गाडीत त्यानं नवं पत्रक लिहिलं : मुदत गेली तरी कारण देऊन उशीर माफ करून घेता येतो, पण आता एक दिवसही घालवू नका. बसवराजनं झेरॉक्स काढून दिल्या. उत्तरेश्वर त्या घेऊन बाजारात साखराबाईच्या टोपलीपाशी जाऊन बसला.

"मावशी, अपील कावून नाही केलं?"

साखराबाई अंड्यांवरचा भुसा सारखा करत राहिली. "करणार व्हते. नक्कल काढायला परळीला जायला निगालते," ती म्हणाली. "मंग ध्यानात आलं. ज्यानं माजी जमीन खाल्ली, त्यो मला का म्हनून वाट दाखवील? यात कायतरी डाव हाय. वकील बी म्हनला, संपलं. म्हनलं, वकिलाचं खरं."

"ते मी लिहिलं होतं मावशी. त्यांनी नाही."

"नाव तर त्याचंच वाचलं बसवराजनं. तुमचं कुटं वाचलं?" तिनं वर बघितलं. "तीन वर्सं झाली, रुपया देते मी. माजं नाव कदी घातलं न्हाई."

उत्तरेश्वरला आता उलगडलं. आप्पारावांना पत्रक बंद पाडायची गरजच पडली नव्हती. कागद दिला की काम झालं, हे त्या माणसाला पहिल्या गठ्ठ्यालाच कळलं होतं. आणि आपण अकरा वर्षं कायदा टाइप केलेले, आपल्याला कळलं नाही. वकिलानं तिला निदान खोटं सांगून बुडवलं होतं, यानं सगळं खरं सांगून बुडवलं.

त्यानं पिशवीतून नवं पत्रक काढलं. खाली तीच ओळ होती; मूळ प्रतीवरच चिकटवलेली, म्हणून प्रत्येक झेरॉक्सवर उमटलेली. त्यानं ती ओळ असलेली खालची पट्टी टरकन फाडली, चुरगाळून फेकली आणि उरलेला कागद साखराबाईपुढं धरला. "आता तरी ऐका. अजून वाट आहे."

साखराबाईनं कागद हातात घेतला. फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"फाडून काय हुतंय भाऊ," ती म्हणाली, "कागद त्याचाच हाय की."

तिनं कमरेची पिशवी सोडली, नेहमीचा रुपया काढून त्याच्या हातावर ठेवला आणि पत्रक परत दिलं.