कारखाना कुणाचा

कॅनडाचं नाव काढलं की माझं डोकं अजून फिरतं. आमच्या ह्यांचं नाव भुजंगराव. आता साठी आली, नाव घ्यायला लाज कसली! ह्या माणसानं अठरा वर्षं जालन्यात पेरणी यंत्रांचा कारखाना चालवला अन् एका वाक्यात सगळं मातीत घातलं. सांगते, ऐका.

हे मूळचे टेंभुर्णीचे, घरची शेती. सासरे लवकर गेले. थोरले दीर रखमाजी, त्यांना सगळे भाऊच म्हणतात, त्यांनी ह्यांना वाढवलं, आयटीआयला घातलं. अठ्ठ्याहत्तर साली ह्यांनी जालन्याला शेड टाकली. लायसनवर नाव कुणाचं? थोरला असताना धाकट्यानं स्वतःचं नाव लावायचं, हे आमच्यात बिलकुल न्हाई. मंग पाटीवर ‘रखमाजी कचरू कृषी अवजारे’. लायसन भाऊंचं, बँकेतलं खातं भाऊंचं, विजेचं बिलसुद्धा भाऊंचं. अन् भाऊ यायचे कधी? वर्षातून एकदा, खंडेनवमीला. यंत्रांना हळदकुंकू लावायचे, नारळ फोडायचे, कामगारांना पेढे वाटायचे अन् संध्याकाळच्या एसटीनं परत. बाकी वर्षभर लोखंडात हे.

भाऊ वाईट होते असं मी म्हणत न्हाई. देवमाणूस. पण माझा जीव तुटायचा.

ब्याण्णव साली ह्यांनी एकाच वेळी बी अन् खत पेरणारं यंत्र बनवलं. औरंगाबादच्या प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस लागलं. माईकवर नाव पुकारलं, रखमाजी कचरू. भाऊ स्टेजवर गेले, त्यांच्या गळ्यात हार पडला, फोटो निघाला. हे खाली माझ्या शेजारी बसून टाळ्या वाजवून राह्यले. येताना गाडीत मला म्हणाले, “पुष्पा, कुठंतरी असं गाव असंल का, जिथं मला माझ्या नावानं वळखतील?”

हे वाक्य माझ्या काळजात रुतलं.

मंग पेपरात कॅनडाचं आलं. ज्याला धंदा चालवायचा अनुभव हाय, त्यानं तिथं जाऊन आपला पैसा घालून धंदा उभा करायचा, चार लोकांना काम द्यायचं, की तिथं कायमचं राहता येतं. तिथं कोसच्या कोस गहू पेरतात म्हणे. ह्यांचे डोळेच चमकले. माझ्या वडिलांनी दिलेला अंबड रोडचा प्लॉट विकायला मी एका पायावर तयार झाले.

जालन्यात मस्तगडला आमच्या शेजारी दीनानाथकाका, कोर्टातून रिटायर झालेले. फॉर्म त्यांनी वाचला अन् चष्मा काढून ठेवला.

“भुजंगराव, यात तुमच्या स्वतःच्या कारखान्याचा पुरावा मागितलाय. तुमचं नाव कोणत्या कागदावर आहे?”

कुठंच नव्हतं. एका जुन्या कागदावर होतं, तिथंही ‘मदतनीस’.

“थोरल्या भावाकडून लिहून आणा, की कारखाना खरा तुम्हीच चालवता. नोटरी करून. दुसरा मार्ग नाही.”

एवढंच मागायचं होतं. पण आमचे हे! दर महिन्याला टेंभुर्णीला जायचे अन् हात हलवत परत यायचे. “इचारलं का?” “भाऊ जेवत होते.” “आता?” “भाऊंचा गुडघा दुखून राह्यला होता.” अहो, दीड वर्ष! मला वाटायचं, ह्यांना गदागदा हलवावं. शेवटी मीच जाऊबाईंना, साळूबाईंना, सगळं सांगून टाकलं.

चौथ्या दिवशी भाऊ दारात. फेटा बांधलेला, हातात पिशवी. न बसताच म्हणाले, “चला, कुठं सही करायची?”

काकांनी कागद वाचून दाखवला. ‘सन १९७८ पासून सदर कारखाना माझा धाकटा भाऊ भुजंग हाच चालवतो. त्यात मी कोणतेही काम केलेले नाही.’ भाऊंनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं.  मंग म्हणाले, “खरंच हाय ते,” अन् सही केली. हे कोपऱ्यात रडून राह्यले. मी पदराआडून देवाला हात जोडले. झालं, सुटलो!

शहाण्णवच्या जानेवारीत दिल्लीला कॅनडाच्या वकिलातीत मुलाखत लागली. भाऊ म्हणाले, “मी बी येतो. गरज पडली तर तोंडानं सांगीन.” तिघं गेलो. भाऊ बाहेर बाकड्यावर बसले, आम्ही दोघं आत. गोरा साहेब भला माणूस दिसत होता. शेजारी हिंदी बोलणारी बाई. तिनं पहिलाच प्रश्न इचारला, “कारखाना किसका है?”

अन् हे म्हणाले, “बडे भाई का. मैं तो बस देखता हूँ.”

मला वाटलं, भुई फाटावी! साहेबानं भाऊंचा कागद काढला, बोट ठेवून दाखवलं. बाई म्हणाली, “इसमें तो आपके भाई ने लिखा है कि सब आप करते हैं?”

“वो उनका बडप्पन है, साहब.”

बडप्पन! इथं बडप्पन काढायचं होतं का?

बाहेर आलो तर भाऊंनी इचारलं, “झालं का बराबर?” हे म्हणाले, “झालं.” परतीच्या रेल्वेत भाऊ सगळ्या डब्याला सांगत होते, माझा भाऊ कॅनडाला चालला. मी खिडकीकडं तोंड करून बसले. घरी आल्यावर ह्यांना बोल बोल बोलले. जीभ झडली होती का? एवढा सोन्यासारखा कागद हातात असताना? हे एक शब्द उलटून बोलले न्हाईत. पाच महिने मी बोलतच होते.

मंग पत्र आलं. त्या दिवशी भाऊ आलेलेच होते. काकांनी त्यांच्यासमोर वाचलं. अर्ज नामंजूर. अर्जदार स्वतः सांगतो की कारखाना थोरल्या भावाचा आहे. पुढं एक ओळ होती. काका अडखळले, पण वाचली. अर्जदाराच्या पत्नीनेही तेच सांगितले.

हो. मलाही इचारलं होतं. त्या बाईनं माझ्याकडं वळून म्हटलं होतं, “आप बताइए, कारखाना कौन चलाता है?” मला सगळं ठाऊक होतं. ह्यांच्या हातावरचे चटके मी मोजलेले. पण दाराच्या काचेतून भाऊंचा फेटा दिसून राह्यला होता. मी पदर सारखा केला अन् म्हणाले, “ये बोले वैसाच. भाऊ चलाते.”

भाऊंनी आजवर माझ्याशी कधी थेट बोलणं केलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

“पुष्पाबाई, तुमी बी?”



“अठरा वर्सांत ह्या कारखान्यासाठी म्या एकच काम केलं,” भाऊ म्हणाले, “ती सही. तुमी दोघांनी ती बी वाया घातली.”

चहा तसाच ठेवून ते उठले. त्या वर्षीच्या खंडेनवमीला आले न्हाईत. यंत्रं धुवून, पुसून, हार घालून ठेवलेली. कामगार म्हणाले, “दादा, नारळ तुमीच फोडा आता.” हे म्हणाले, “थांबा, भाऊ येतील,” अन् दुपारपर्यंत नारळ हातात घेऊन दारात उभे राह्यले.