गणपतीला सुतक

देवाला सुतक पाळायला लावणारे गृहस्थ अख्ख्या सोलापुरात एकच होऊन गेले, आणि ते माझ्या ताईचे सासरे होते. मी हे अभिमानाने सांगतो. ताई मात्र पदर तोंडाला लावते, कारण मी त्यांना सणावारी पाहिले आणि तिला त्यांच्याबरोबर एका घरात राहावे लागले.

त्यांचे घोंगड्यांचे दुकान होते. गिऱ्हाईक आले की घोंगडे दाखवण्याआधी ते त्याला थंडी किती वाजते याची उलटतपासणी घेत आणि शेवटी, "एवढ्याशा थंडीला घोंगडं कशाला? दोन भाकरी जास्त खा की!" असा सल्ला देऊन त्याला रिकाम्या हातांनी परत पाठवत. घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता, गिरणीच्या भोंग्यावर होता. रविवारी भोंगा वाजत नसे, त्यामुळे रविवारी जेवणाची वेळ झाली की नाही हे त्यांना समजत नसे. म्हणून ते दिवसभर जेवत. पेठेतल्या गणपतीच्या देवळाचे ते पंच. देवळाची किल्ली त्यांच्या करदोट्याला बांधलेली असे, आणि देवाशी ते एखाद्या आळशी भाडेकरूशी बोलावे तसे बोलत. "उठा, उजाडलं! पोट बघा केवढं सुटलंय!" ही त्यांची काकडआरती. एवढा गणपतीवेडा माणूस, शेंगाच्या चटणीशी सात कडक भाकरी मोडणारा, पण मोदकाला कधी शिवला नाही. पंगतीत मोदक आले की दोन्ही हात पानावर आडवे. "ते देवाचं खाणं. मी माणूस हाय." एका चतुर्थीला मी थट्टेने त्यांच्या पानात मोदक टाकला, तर ते भरल्या पानावरून उठून गेले. ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. का, ते मला तेव्हा कळले नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर पेठेत प्लेगाचे उंदीर पडू लागले. घरात उंदीर पडला की घर सोडायचे, हे आमच्या पिढीला कुणी शिकवावे लागत नसे. भांडीकुंडी गाडीत घालून आम्ही सारे गावाबाहेरच्या माळावर तट्ट्यांच्या झोपड्यांत राहायला गेलो. देवळे आणि मशिदी बंद ठेवण्याचा हुकूम निघाला. ताईच्या सासऱ्यांनी मात्र त्याच्या आठ दिवस आधीच देवळाला कुलूप घातले होते. रोज सकाळी ते चालत गावात जात, बंद दारासमोर उभे राहून देवाला दोन शब्द सुनावत आणि मगच न्याहारी करत.

नेमकी त्याच सुमाराला मुन्शिपालटीची निवडणूक आली. आमच्या भागातून एक वकीलसाहेब उभे होते. देवळाची पायरी त्यांनी चढलेली मी तरी पाहिली नव्हती. पण आता त्यांच्या कपाळावर गंध उगवले आणि सभेगणिक त्याची लांबी वाढू लागली. माळावरच्या सभेत खुर्चीवर उभे राहून ते गरजले, "धर्म संकटात आहे! आपला विघ्नहर्ता कुलपात, आणि त्यांच्या मशिदीत मात्र..."

मागून मशिदीचे चाचा उठले. हे सासऱ्यांचे सोंगट्यांतले जुने भिडू. "मशिदीत क्या है वकीलसाब? ताला हमीच लगाये की! नमाज बी हितंच माळ पे पढते. कल तुम्हाराच टांगा हमारे सतरंजी पे से गया!"

माळ हसला. वकीलसाहेबांनी मोर्चा सासऱ्यांकडे वळवला. "पंच, तुम्ही सांगा. देऊळ का उघडत नाही?"

"सुतक हाय."

"कुणाला?"

"देवाला. काल दारातच उंदीर मेला. वाहन गेलं की त्याचं! तुमच्या टांग्याचा घोडा मेला तर तुमी सभा घेत फिराल व्हय? दहा दिवस आरती न्हाय, दर्शन न्हाय."

लोकांना हे फार पटले. एका म्हातारीने तर सुतकाच्या घरी नेतात तसा देवासाठी पिठलं-भाकरीचा कडू घास आणून दिला आणि सासऱ्यांनी तो देवाच्या वतीने जागच्या जागी संपवला. नवव्या दिवशी दुसरा उंदीर पडला, सुतक पुन्हा पहिल्या दिवसावर आले. वकीलसाहेब शास्त्र जाणणारे एक भटजी घेऊन आले. भटजी म्हणाले, सुतकात सुतक आले तर ते पहिल्याबरोबरच फिटते.

"ते चुलत्यामालत्याला. हे सख्खं वाहन हाय," सासरे म्हणाले. "शास्तर तुमी वाचलंय, महाराज. उंदीर मी बघितलाय."

त्या दिवशी सोंगट्यांचा पट मांडता मांडता ते मला हळूच म्हणाले, "पाव्हणं, गर्दी आत शिरली तर माणसं मरतील. सरकारचं लोक ऐकत न्हाईत, डाक्टरचं ऐकत न्हाईत. सुतकाचं ऐकतील." एवढे बोलताना त्यांची मूठ किल्लीवर होती आणि ती घट्ट होती.

शेवटी संकष्टीला वकीलसाहेब मिरवणूक घेऊनच निघाले. पुढे झांजा, मागे दोन-अडीचशे माणसे, हातात कुलूप फोडायला हातोडा. मी धापा टाकत पोचलो तेव्हा ताईचे सासरे पायरीखाली एकटेच उभे होते. शेजारी बांबूची एक पाटी पालथी घातलेली, तिच्याभोवती चुन्याचे रिंगण, आणि रिंगणाबाहेर चार काटक्यांची वीतभर तिरडी.

"बाजूला व्हा, पंच! देव सर्वांचा आहे."

"व्हय की. उघडतो. पण वाहन अजून दारातच पडलंय." त्यांनी काठीने पाटी उलटली. "आधी त्याला पोचवा, मग आरती. तिरडी तयार हाय. पयला खांदा पुढाऱ्याचा. या, वकीलसाहेब!"

वकीलसाहेब दोन पावले मागे सरकले. मागचे चार पावले सरकले. झांजवाले तर चौकापलीकडे दिसू लागले. मग वकीलसाहेबांनी हातोडा अलगद खाली ठेवला आणि एका अशिलाची कोर्टात तारीख असल्याचे सांगून ते टांग्यात बसले. त्या दिवशी रविवार होता.

ते निवडून आले, बरं का! पुढे उन्हे तापली, महिनाभर उंदीर पडला नाही, आणि सासऱ्यांनी आपल्या हाताने कुलूप काढले, तेव्हा आपल्या चळवळीमुळेच देऊळ उघडले असे वकीलसाहेबांनी पायरीवर उभे राहून जाहीर केले. सर्वांत जोराने टाळ्या ताईच्या सासऱ्यांनी वाजवल्या.

गर्दी ओसरल्यावर ते गाभाऱ्यासमोरच्या दगडी उंदराला पाणी घालत बसले. "फिटलं रं बाबा तुझं सुतक." ताई नैवेद्याचे मोदक घेऊन बाहेर आली, तर त्यांनी तिच्यापुढे हात पसरला. एक मोदक त्यांच्या हातावर ठेवून ती माझ्याजवळ आली आणि तिने हलक्या आवाजात मला सांगितले, ते मी इतक्या वर्षांत ऐकले नव्हते. मागच्या एका प्लेगात देऊळ असेच बंद होते. लोकांनी गळ घातली. तेव्हाच्या या तरुण पंचाला हातातल्या किल्लीचा मोठेपणा वाटला आणि त्याने चतुर्थीला दार उघडले. ताईने कधी न पाहिलेल्या तिच्या सासूबाई दिवसभर देवळात बसून सगळ्या पेठेसाठी मोदक तळत होत्या. आठवडाभरात त्या गेल्या. पंगतीतली आणखी काही माणसे गेली.

सासऱ्यांनी मोदक मोडला, अर्धा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिले.

"सूनबाई," ते म्हणाले, "गूळ कमी पडला. तिचा बराबर पडायचा."

आणि उरलेला अर्धा त्यांनी दगडी उंदरापुढे ठेवला.