कंबर, कन्यादान आणि ची-गाँग

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, माझी कंबर एकदा चीनच्या ताब्यात गेली होती. परवा निलगिरीच्या तेलाचा वास आला आणि उणकलच्या नव्या इमारतीतली ती खोली आठवली. मुलीचं लग्न दहा दिवसांवर आलेलं, आणि कन्यादानाला पाटावर बसणाऱ्या बापाला साधं वाकताही येत नव्हतं. म्हणून ची-गाँग हा संथ चिनी व्यायाम आणि हलकी योगासनं शिकवणाऱ्या एका अक्कांकडे गेलो. नजर ठेवायला बायको दाराजवळ खुर्ची टाकून बसली. "घाम येत नाही, तो कसला व्यायाम?" ती कुजबुजली. मलाही संशय होताच. हवेतलं न दिसणारं कपाट ढकलून कुणाची कंबर बरी झालीय? अक्का कानडी, पण आमच्यासाठी हौसेनं मराठी बोलत. ची म्हणजे प्राण, असं त्यांनी समजावलं होतं, त्यामुळे श्वासालाही त्या प्राणच म्हणत. चौथ्या दिवशी त्यांनी मला सतरंजीवर आडवं केलं, गुडघ्यांखाली उशी दिली, आणि काय सांगू, कित्येक महिन्यांत प्रथमच कंबर सैल पडली! डोळे मिटलेले, तोंड उघडं, हातपाय पसरलेले. अक्का मायेनं म्हणाल्या, "हां अण्णा, आता प्राण सोडा. सावकाश. पूर्ण सोडा." पुढे कन्यादानाला मी ताठ बसलो आणि आजही जेवायला खालीच बसतो, पण त्या क्षणी मागे खुर्ची धाडकन पडली आणि बायको ओरडली, "अहो, थांबा! आधी लग्न तरी लागू द्या!"