शिवप्पाच्या विमानाचं काय झालं

हे ऐकणारे तुम्ही पहिलेच. बायको पन्नास वर्षं सोबत राहिली, तिला सांगितलं नाही. पोरांना तर नाहीच नाही. आणि तुम्हाला तरी सांगणं होईल का — मघापासून दोनदा उठून पाणी पिऊन आलो, एकदा उगीच दाराची कडी बघून आलो. बूड टेकत नाही. पण आज तोंडातून निघालं नाही तर माझ्याबरोबरच जाईल ते. जाऊ द्यावं का? नको. ऐका.

परवा गावाबाहेर, मैलूरच्या पलीकडं माळावर लोक जमले होते म्हणून मीही काठी टेकत गेलो. एक गृहस्थ हातात डबा घेऊन उभे, डब्याला दोन दांड्या, आणि वर आभाळात त्यांचं विमान. खेळण्यातलंच, पण दोन मजली पंखांचं, एकावर एक. रेडिओनं चालतं म्हणे. दांडी हलवली की वळायलंय, उलटं व्हायलंय, आणि शेवटी काय — सरळ त्यांच्या पायाशी येऊन थांबलं! सगळे टाळ्या वाजवायलेते. मी तसाच मागं फिरलो. शेजारच्यांनी हटकलं, 'मास्तर, बरं वाटंना का?' म्हटलं, ऊन लागलं. पुन्हा खोटंच. ऊन कुठलं लागतंय.

आमच्या वेळी विमान पायाशी येत नव्हतं. हातातून सुटलं की सुटलं, मग ते वाऱ्याचं. व्हय, आम्हीही विमानं करायचो. मी आणि शिवप्पा. निजामाचं राज्य होतं, तिकडं मोठी लढाई चाललेली, आणि बिदरात आम्ही दोन बाप्ये — वय चोवीस-पंचवीस, त्याला दोन लेकरं, मला एक — माळावर कागदाची विमानं उडवायचो. लोक हसायचे. हसू देत, म्हणायचो.

मी शाळेत मास्तर. माझ्याकडं एक इंग्रजी मासिक आलं होतं, त्यात दोन मजली विमानाचा नकाशा. ते वाचता येणारा मी एकटाच. हे नीट लक्षात ठेवा, कारण माझी सगळी ऐट त्यावर होती. नकाशा माझा, इंग्रजी माझं, घड्याळसुद्धा माझं. शिवप्पा गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी. शेतकऱ्याची ज्वारी, तूर पायलीनं मापून पोत्यात टाकायची आणि दर पायलीला मोठ्यानं मोजायचं. पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन — असं गात गात. शिवप्पा मापायला बसला की शेतकरी खुशाल चहाला जायचे. कुणासाठी पायलीवर शीग, म्हणजे वर रास, चढवायची नाही; त्याचा आकडा म्हणजे आकडा. त्याच्या बापाचाही तसाच होता. त्या घराण्याकडं जमीन नव्हती, दुसरं काही नव्हतं, हेच होतं.

विमानं कशाची करायचो सांगू? बाशिंगाला लागतं ना ते भेंड, पांढरं, वजनच नसलेलं. त्याच्या पट्ट्या काढायच्या. बुरडाकडनं बांबूच्या कामट्या. वर पतंगाचा कागद, खळीनं चिकटवलेला. पुढचा पंखा पांगाऱ्याचा, कोरून काढलेला. आणि पोटात सायकलच्या ट्यूबची रबरी पट्टी. तिला एरंडेल चोळायचं, बोटानं पंखा फिरवून फिरवून पीळ भरायचा, आणि सोडायचं. माझं विमान तिशीपर्यंत जायचं. तीस सेकंद. शिवप्पा आपल्या मापाच्या चालीत मोजायचा आणि मी घड्याळ बघायचो. त्याचा आकडा आणि माझा काटा — एका सेकंदाचा फरक नाही कधी! हे मला ठाऊक होतं. मला एकट्यालाच ठाऊक होतं. लिहून घ्या हवं तर.

मग काय झालं, की शिवप्पा नकाशा सोडून करायला लागला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण माळावर पालथा पडून तो तासन्‌तास घारी बघायचा. म्हणायचा, 'मास्तर, घार पंख हलवंना बगा. खालून ऊन हवा तिला उचलायलीय. आपलं इमान तितंच सोडाव.' मी म्हणायचो, पुस्तकात तसं नाही. त्यानं पंख खालून जरा खोलगट केले, घारीसारखे. आणि त्याचं विमान चाळीस गेलं. मग पन्नास. माझं तीसच. पोटात दुखलं का? अहो, जळालो! बाहेरून शाबास म्हणायचो आणि घरी येऊन ताटावर चिडचिड करायचो.

चैत्रातली अमावास्या. अमावास्येला गंज बंद, म्हणून आम्ही त्या दिवशी उडवायचो. आदल्या दिवशी त्याचं नवं विमान मी हातात घेऊन बघितलं होतं. लाल कागदाचं. इतकं देखणं होतं की मी सकाळी निरोप पाठवला, डोकं दुखायलंय, येत नाही. डोकं चांगलं होतं. तो एकटा गेला.

संध्याकाळी गंजापुढच्या हॉटेलात दहा-बाराजण बसलेलो. शिवप्पा आला तो घामाघूम, धुळीनं भरलेला, डोळे लाल. म्हणाला, विमान घारीसंगट वर गेलं. फिरत फिरत, लहान होत. म्हणाला, 'नऊशे मोजले मी. नऊशे! मग दिसंना गेलं. सूर्य उगवतो तिकडं गेलं.'

नऊशे म्हणजे पंधरा मिनिटं. सगळे माझ्याकडं बघायले. का? मी मास्तर ना, पुस्तकवाला. शिवप्पा ज्याच्याकडं मापायचा त्या आडत्यानं विचारलं, 'मास्तर, असं व्हतंय का हो?'

इथं थांबतो जरा.

मला पहिल्या क्षणीच कळलं होतं की तो खरं बोलायलाय. शंका आली असती तर निदान — पण शंका आलीच नाही. त्याचा आकडा चुकत नाही हे माझ्याइतकं कुणाला माहीत? आणि मी हसलो. म्हणालो, 'शिवप्पा, माप जरा शीग लावून भरलास वाटतं!'

काय हशा पिकला म्हणता. शिवप्पाही हसला आधी, त्याला वाटलं मी पुढं काहीतरी चांगलं बोलेन. मी चहा प्यायलो.

हे एवढंच असतं तर चेष्टा म्हणून सोडून दिलं असतं. पण गावात एखादी चेष्टा लागू पडली की ती थांबत नाही. आठ दिवसांत गंजात शेतकरी म्हणायले, 'बाबा, इमानाचं माप नगं आमाला, दुसरा माणूस बसवा.' आधी हसत म्हणायचे. मग हसणं गेलं आणि म्हणणं राहिलं. आडत्यानं शिवप्पाला बोलावून बजावलं की लोकांचं तोंड बंद व्हायला पाहिजे, नाहीतर मला दुसरा मापाडी बघावा लागेल. शिवप्पा माझ्याकडं आला. म्हणाला, इमान सापडलं तर सगळं मिटंल, मास्तर. सापडलंच पाहिजे.

आता तेच सांगायचंय. मला सापडलं.

पंधरा-वीस दिवसांनी मी पूर्वेला चार कोसांवरच्या एका लहान गावी गेलो होतो. तिथल्या तळ्यात भेंड उगवतं. मला नवं विमान करायचं होतं, खोलगट पंखांचं — व्हय, त्याचीच नक्कल. उन्हाचं जरा टेकावं म्हणून मारुतीच्या देवळात शिरलो, तर मारुतीच्या शेजारी, पाटावर, लाल विमान. दोन्ही पंखांवर हळद-कुंकू. पुढं नारळ.

म्हातारा गुरव कौतुकानं सांगायला लागला, 'आमुशाच्या दुपारी आलं बगा. घारीवानी फिरत फिरत उतरलं. आवाज न्हाई, काय न्हाई. मारुतीनंच धाडलं म्हणून गावानं ठिवलं.'

खरं सांगतो, पहिल्यांदा मला आनंद झाला. चार कोस! भेंडाचं, खळीनं चिकटवलेलं विमान चार कोस गेलं होतं! मी हातसुद्धा जोडले, मारुतीला की विमानाला कोण जाणे. डोक्यावर घेऊन गंजात शिरायचं, शिवप्पाच्या पुढ्यात ठेवायचं, असं सगळं डोळ्यापुढं आलं. आणि मग पुढचंही आलं. सगळे कुणाकडं बघतील? शिवप्पाकडं. आणि मास्तर काय म्हणाले होते, हे कुणाला आठवणार नाही? पुस्तकवाल्याला काही कळत नाही, मापाड्याला कळतं — हेच ना म्हणतील? किती वेळ उभा होतो ठाऊक नाही. फार नसेन.

गुरवानं विचारलं, 'मास्तर, तुमी शिकलेले. ह्ये काय हाय म्हणावं?'

मी म्हणालो, सरकारी आहे. लढाईचं आहे. पोलीसठाण्याच्या अमीनसाहेबांना कळलं तर अख्खं गाव चावडीवर बसवतील.

म्हातारा पांढरा पडला. 'मग कामून वाट बगायची? काय कराव ते सांगा.'

जाळा, म्हणालो. आणि कुणीही विचारायला आलं, कितीही गोड बोललं, तरी काही बघितलं नाही म्हणा.

मला तोडून-मोडून तळ्यात टाकता आलं असतं. पण मी माझ्या हातानं नाही केलं, ते भ्यालेल्या म्हाताऱ्याकडून करवलं. त्यानं आधी नारळ बाजूला ठेवला, विमानाला नमस्कार केला, आणि देवळामागं नेऊन काडी लावली. भेंड ते, भकन् पेटलं. त्याची म्हातारी दारात उभी राहून पदरानं डोळे पुसायलीती. मी शेवटपर्यंत थांबलो. नीट जळलं का हे बघायला थांबलो.

शिवप्पा शोधतच होता. सुट्टी मिळाली की एकेक गाव. पूर्वेकडची सगळी पालथी घातली. त्या गावीही गेला. मलाच येऊन सांगितलं त्यानं — त्या गावचे लोक माझ्याकडं बगना गेले मास्तर, एका म्हातारीनं तर तोंडावर दार लावून घेतलं, मी काय केलंय त्यांचं? मी त्याला पाणी दिलं. म्हणालो, उन्हाचा कशाला फिरतोस, आजारी पडशील. बोलता येत नव्हतं का मला? तो समोर बसला होता. अर्धा तास बसला होता.

पावसाळा लागायच्या आत त्याचं माप गेलं. आडत्यानं त्याला पोती उचलायला लावलं. पुढं कधीतरी माणूस कमी होता म्हणून एक दिवस पुन्हा मापायला बसवलं, तेव्हा मी ज्वारी घ्यायला गेलो होतो. शिवप्पा मोजत मोजत चाळीसपर्यंत आला आणि थांबला. पायली हातात तशीच. शेतकऱ्याला विचारायला लागला, 'अप्पा, किती झाले? चाळीसच झाले न्हवं?' शेतकऱ्यानं पायली काढून घेतली. चुकला नव्हता हो तो, चाळीसच झाले होते. मी मनात मोजत होतो.

विमान त्यानं पुन्हा केलं नाही. मीही नाही. कधी कुणी विचारलं तर मी म्हणायचो, वेळ कुठं मिळतो.

मग निजामाच्या राज्याचं शेवटचं, धामधुमीचं वर्ष आलं. लोक गाठोडी बांधून हद्दीपलीकडं, सोलापूरकडं जायलेते. एक दिवस दुपारी दारात बैलगाडी थांबली. गाडीत त्याची बायको, लेकरं, भांडी. शिवप्पा खाली उतरला आणि एकदम माझ्या पायाशी वाकला. मी म्हटलं, अरे, हे काय करायलास?

म्हणाला, 'परत येणं होईल, न होईल. मनावर ठिवून जायचं न्हाई मला. मास्तर, ते इमान — मी खोटं बोललो असन. लई इचार केला. चाळीसच मोजलं असन मी, आन तुमच्यापुढं मोठं व्हावं म्हणून नऊशे म्हणालो असन. कुणालाच सापडलं न्हाई, मग ते गेलंच कुठं? तुमी मला शिकवलं आन मी तुमालाच थाप मारली. माफ करा मला.'

गाडीतून त्याची बायको बघायलीती. लेकरंही.

मी त्याला खांद्याला धरून उठवलं. म्हणालो, जाऊ दे शिवप्पा. मी माफ केलं.

त्याचा चेहरा केवढा हलका झाला! हसला. किती वर्षांनी हसला. गाडीत चढला, बैलांना हाक मारली, आणि वळणापर्यंत मला हात करत गेला. पुन्हा दिसला नाही.

मी घरात आलो. ताट वाढलेलं होतं. बायकोनं विचारलं, कोण होतं? म्हणालो, शिवप्पा होता, माफी मागायला आला होता. ती म्हणाली, भला माणूस. मी व्हय म्हणालो, आणि जेवायला बसलो. पोटभर जेवलो.