समीक्षाची चाल मोजली तेव्हा

अष्टमी गावच्या समीक्षासारखी कबड्डीत चढाई करणारी पोरगी रोहा तालुक्यात झाली नाय, पुढं होईल असंही वाटत नाय. तिचा मोठा भाऊ नितेश हे कुणी विचारायच्या आधीच सांगायचा. समोर सातजणी असोत, ही आत घुसायची, दोघींना शिवायची आणि दम न सोडता मधल्या रेषेवर हात टेकवून परत यायची.

चौतिसाव्या वर्षी तिचा उजवा पाय जड पडायला लागला. मुंबईच्या डॉक्टरनं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. नसांवरचं वेष्टण झिजतं, मेंदूचा निरोप पायापर्यंत नीट पोचत नाय. गोची ही, की सकाळी काय दिसायचं नाय. डोलवीच्या कारखान्यात एका ठेकेदाराच्या कॅन्टीनला ती जेवण वाढायला होती. शिफ्ट लागताना टणटणीत, आणि दुपारी पाय फरशीवरून ओढत चाललेला.

"सकाळी हरीण, दुपारी म्हातारी," सुपरवायझर हर्षद सगळ्यांसमोर बोलायचा. "ओ मॅडम, पाय दमतो की काम नको वाटतं?"

कूपनच्या खिडकीवर बसून करायचं काम रिकामं होतं. हर्षद म्हणाला, किती दमतेस ते कुणी मोजून लिहून दिलं तर जागा तुझी. नायतर गणपतीनंतर दुसरी बाई बघतो. समीक्षाला नोकरी हवी होती. त्याहून जास्त, कामचुकार हा शब्द पुसून हवा होता.

पेणला फिजिओथेरपीवाली रिझवाना अशी चाल मोजायची. घरच्यांनी ही चाचणी म्हणजे सामनाच धरला. आई सगुणानं दोन दिवस पोरीला उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नाय, उकडलेली अंडी खाऊ घातली, पाय तेलानं चोळले. नितेशनं तिला बाइकवरून थेट पायरीशी उतरवली.

आत लांब पॅसेज, दोन टोकांना दोन प्लॅस्टिकचे शंकू. सहा मिनिटं येरझाऱ्या घालायच्या. "रोजच्यासारखं चाला," रिझवाना म्हणाली. "दमलात तर थांबा."

थांबायचं कसलं! शंकूपाशी पोचली की समीक्षा वाकून त्याला हात लावायची, गर्रकन वळायची, आणि ओठातल्या ओठात कबड्डी कबड्डी. शेवटी पाय थरथरत होता, पण चाल तुटली नाय. नितेश दारात छाती काढून उभा.

"समीक्षाताई, तुम्ही जिंकलात," रिझवाना म्हणाली. "आता मी लिहू काय? यात दमणूक कुठं दिसतच नाय."

समीक्षा बाकावर बसली ती उठेना. नितेशनं काखेत हात घालून तिला उभी केली.

"हे मगाशी का नाय दाखवलंत?" रिझवानानं विचारलं.

"परक्या माणसासमोर?" समीक्षा म्हणाली.

रिझवाना हसली नाय. "परवा शिफ्ट सुटली की सरळ इकडं या. आराम नको, बाइक नको. पहिल्या मिनिटाला किती चाललात आणि शेवटच्याला किती, त्यातला फरक मला पायजे. खेळायचं नाय."

परवा समीक्षा एसटीत उभी राहून पेणला आली, स्टँडवरून चालत. नितेश पायरीवर वाट बघत होता.

"आत येऊ काय गो?"

"नको दादा. तू असलास की मी पळते."

दार लागलं. नितेशला नुसत्या सॅंडलचा आवाज येत होता. आधी दोन्ही पावलं सारखी. मग एक पाऊल आणि एक फरफट. मग आवाजच थांबला. तो उठला, दाराला हात लावला, आणि परत येऊन बसला. बऱ्याच वेळानं फरफट पुन्हा सुरू झाली.

समीक्षा भिंत धरून बाहेर आली.

"थांबलीस?"

"दोनदा."

"बघत होती ती?"

"मग काय डोळे मिटून मोजील?" समीक्षा पायरीवर टेकली. "शेवटच्या मिनिटाला निम्म्यावर आले. लिहिलंय तिनं."

हर्षदनं कागद वाचला, परत वाचला, आणि खिडकीची चावी दिली. आता समीक्षा स्टुलावर पाय ठेवून कूपनं फाडते. लाइनीत कुणी घुसलं तर तिथूनच त्याला बाद करते.

आणि नितेशला अष्टमीच्या पुलावर कुणी भेटलं की आधी चढायांचं सांगतो, मग हे सांगतो. "परक्यासमोर दोनदा थांबली, शंकूला हातसुद्धा लावला नाय. हाय कुणाची बहीण अशी?"