दिवा डोक्यावर, कान जमिनीला

काका जमिनीखालचं पाणी ऐकतात. हे मला पहिल्यांदा कुणी सांगितलं तेव्हा वाटलं, अलंकारिक बोलतायत. मी साहित्य शिकलेली. मला तसंच वाटणार.

त्यात अलंकार नव्हता. पाणीखात्याच्या हजेरीपटावर त्यांचं पदच आहे : गळतीशोधक. त्यांच्याकडे एक लोखंडी कांडी असते, छातीइतकी उंच. तिच्या वरच्या टोकाला लाकडाची लहान वाटी बसवलेली. खालचं टोक पाइपच्या व्हॉल्व्हवर किंवा रस्त्यावर टेकवायचं, वाटी कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. खाली पाइप फुटला असेल तर आवाज येतो. दिवसा गाड्यांच्या घरघरीत काही कळत नाही, म्हणून काम रात्रीचं. जिथे आवाज सगळ्यात मोठा, तिथे काका खडूने फुली मारतात. फुलीवर बाकीची माणसं खणतात.

पाणी लागलं तर कुणी काही बोलत नाही. नाही लागलं तर त्याला कोरडा खड्डा म्हणतात. गेल्या महिन्यापर्यंत सव्वीस वर्षांत काकांचे कोरडे खड्डे तीन. तिन्ही त्यांना वारासकट पाठ होते.

मी त्याच खात्यात अहवाल टंकते आणि काकांच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहते. राहायला आले त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी काका पाना घेऊन दारात उभे. म्हणाले, "तुझा नळ गळतो गं. झोप लागत नाही मला." आमच्या मध्ये दोन भिंती आणि एक अंगण होतं. मला नळाशेजारी झोपूनही काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी नळाचा वायसर बदलला, चहा प्यायला आणि माझ्या पुस्तकांकडे बघून माझं नाव पंडिता ठेवलं.

काकूंना या कानांचं कौतुक नाही. त्या घरी कपडे शिवतात. म्हणतात, "रस्त्याखालचं ऐकू येतं हो यांना. मी स्वयंपाकघरातून हाक मारलेली तेवढी येत नाही."

"तुझा दाब जास्त असतो," काका म्हणतात. "गळती नाही ती. तो फुटलेला पाइप."

गेल्या महिन्यात साहेबांनी डोक्यावर बांधायचा एक दिवा मागवला. साहेब म्हणजे आमचे नवे अभियंते, माझ्याहून चारच वर्षांनी मोठे. दिवा नमुन्यादाखल आला होता. पसंत पडला तर रात्रपाळीच्या चाळीस जणांना चाळीस घ्यायचे. तोवर सगळे एका हातात बॅटरी धरून काम करत. वेल्डर तर ती दातांत धरायचा. त्याचा पुढचा एक दात त्यातच गेला होता.

खोक्यावर सैनिकाचं चित्र होतं. लष्करी दर्जा, दोनशे मीटरपर्यंत झोत, पाणी आणि धूळ यांपासून सुरक्षित, आठ तास चालणार. साहेब म्हणाले, दहा दिवस काका वापरतील, पंडिता अहवाल लिहील. माझं हे नाव तोवर खात्यात पसरलं होतं.

काकांनी खोकं वाचलं. "दोनशे मीटर लांबचं बघून काय करू? मला पायाखालचं बघायचंय."

तरी त्यांनी चाचणी मनापासून केली. पहिल्याच रात्री मी वहीत लिहिलं : झोत खाली वळवता येतो. बटण जाड हातमोज्यांतूनही लागतं. पट्ट्याखाली कपाळाला घाम येतो. बॅटरीचा डबा डोक्याच्या मागे आहे, त्यामुळे पुढे जड होत नाही. लाल उजेडाची सोय आहे, त्याने समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. पांढरा लावून कुणाकडे बघितलं तर तो आंधळाच होतो. दिवा लावून काका बोलायला लागले की सगळे माना खाली घालायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काका सगळ्यांना झापतायत.

वेल्डरने दिवा मागून घेतला आणि खड्ड्यात उतरून एक सांधा जोडला. वर आला तेव्हा दोन्ही हात हवेत धरून आम्हाला दाखवत होता. "बघा! रिकामे! दोन्ही!"

मग मुकादमाने तो मुद्दाम तीनदा दगडावर आपटला. चालू राहिला. मी तेही लिहिलं.

तिसऱ्या रात्री काकांची फुली खोदली. कोरडी.

पाचव्या रात्री पुन्हा.

मी दोन्ही वेळा तिथे होते. काका फुलीजवळ उभे होते, कांडी हातात. खणणारे थांबले. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मुकादम नुसता म्हणाला, "बुजवा रे."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी काकांना बोलावलं. मी शेजारच्या टेबलावर होते. साहेब चांगले बोलले, खुर्ची दिली. "काका, खूप वर्षं केलंत. पंपघरात एक जागा आहे. दिवसपाळी. बसून काम. रविवारच्या रात्री नव्या वस्तीतली गळती तुम्हीच शोधा. तीही कोरडी निघाली तर मात्र..."

"तर मात्र पंपघर," काकांनी वाक्य पुरं केलं. "पंपघरात बसून कान जातात, साहेब. तिथे मोटारी चोवीस तास ओरडतात."

साहेबांनी हजेरीपटावर रविवारच्या रात्रीसमोर काकांचं नाव लिहिलं.

 त्यानंतर काका घरी माझ्या देखत स्वतःची परीक्षा घेऊ लागले. काकूंना सांगायचे, स्वयंपाकघरातला नळ करंगळीएवढा उघड. मग बाहेरच्या खोलीत पाइपला कांडी लावून बसायचे. सकाळी ऐकू यायचं. रात्री कामावर मात्र सगळा रस्ताच वाहतोय असं वाटायचं. "इथेही आवाज, तिथेही आवाज," ते मला म्हणाले. "म्हणजे आवाज बाहेर नाही. माझ्या डोक्यात आहे. वय झालं, पंडिता."

मला सांत्वनाचे खूप शब्द येतात. मी उठून चहा टाकला.

शनिवारी दुपारी मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले. बॅटरी खरंच आठ तास चालते का हे मोजायचं राहिलं होतं. काका सकाळपासून दिवा लावून घरभर फिरत होते. भर उन्हात, डोक्यावर दिवा. जेवतानाही काढला नव्हता. काकू यंत्रावर एका काळ्या कोटाचं अस्तर शिवत होत्या.

काका सवयीने पाइपपाशी बसले. कांडी लावली. डोळे मिटले.

"नळ बंद कर गं," ते आतल्या बाजूला म्हणाले.

"मी इथे बसलेय तुमच्यासमोर," काकू म्हणाल्या. "नळ बंदच आहे."

"चालू आहे. मला ऐकू येतोय."

मी जाऊन बघितलं. नळ कोरडा होता. परत येऊन सांगितलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. त्या वेळचा त्यांचा चेहरा मला लिहिता येत नाही. कांडी त्यांनी सोडली नाही. बहुधा विसरले असावेत.

काकूंची सुई मोडली होती. नवीन सुईत काळा दोरा जात नव्हता. "अहो, इकडे बघा जरा. उजेड पाडा." काकांनी मान वळवली नाही. काकू उठल्या. "सगळ्या गावाला उजेड दाखवता, बायकोला तेवढा नाही. आणा तो इकडे." त्यांनी काकांच्या डोक्यावरून दिवा सरळ काढून घेतला.

काका दचकले. "नळ कुणी बंद केला?"

 काकूंनी दोरा ओवला.

"दे," काका म्हणाले. दिवा डोक्यावर घातला. कांडी लावली. काढला. घातला. असं त्यांनी पाच-सहा वेळा केलं. मग बॅटरीचा डबा कानामागच्या हाडावर दाबून धरला आणि हसू लागले. इतके हसले की त्यांना ठसका लागला. काकूंनी पाठीवर थाप मारली, त्याही हसत होत्या, कशाला ते न समजता.

"हा दिवा गुणगुणतो गं, पंडिता!"

मी तो कानाला लावला. काकूंनी लावला. आम्हाला काही नाही. डब्यातली बारीकशी गुणगुण, हाडातून कानात शिरणारी. त्या माणसाने आठ दिवस ती ऐकली होती आणि आपलं वय समजून गप्प बसला होता.

"मी आत्ता साहेबांना फोन करते," मी म्हणाले.

"काय सांगशील? कोरडे खड्डे दिव्यामुळे पडले? आवाज फक्त काकांनाच ऐकू येतो? म्हातारा दिव्याला नावं ठेवतोय म्हणतील. आणि रागाने दिवाच परत पाठवला तर? वेल्डरला अजून एकतीस दात आहेत." काकांनी दिवा माझ्या हातात दिला. "आधी पाणी दाखवू. कोरड्या खड्ड्याच्या काठावरून कुणी बोललेलं कुणाला ऐकू येत नाही."

रविवारी रात्री साहेब स्वतः आले. नव्या वस्तीत रस्ता रुंद होता, घरं झोपलेली. काकांनी माझ्याकडून दिवा घेऊन साहेबांच्या हातात ठेवला. "तुम्ही घाला. अहवालात तुमचंही मत हवं."

साहेबांनी घातला. त्यांना तो शोभत होता.

काका अंधारात गेले. कांडीचा टक् असा आवाज यायचा, मग बराच वेळ काही नाही. पुन्हा टक्. आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला उभे. ते एका जागी परत आले, तिथून चार पावलं मागे, दीड पाऊल डावीकडे. खाली वाकून फुली मारली.

खणायला वीस मिनिटं लागली.  कंबरेएवढं खोल गेल्यावर माती काळी झाली. मग गाळ. मग खणणारा ओरडला आणि त्याच्या गुडघ्यांवर पाणी उडालं. मुकादमाने टोपी काढून पुन्हा घातली. एवढंच.

आता काकांनी सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग कांडी मागितली, कानाला लावली. दिवा चालू ठेवून ऐकलं, बंद करून ऐकलं, काढून ऐकलं.

"मला काहीच ऐकू येत नाही," ते म्हणाले. "पाणीसुद्धा नाही."

"समोर उडतंय की, साहेब," वेल्डर म्हणाला.

साहेब हसले. खड्ड्याकडे बघत राहिले. "काका, मग दिवा पास की नापास?"

"पास. चांगला दिवा आहे. एकोणचाळीस मागवा."

"आणि पंपघर?"

"तिथे ज्याला कमी ऐकू येतं असा कुणी बसवा. त्याला त्रास नाही."

साहेबांनी यावर फक्त मान हलवली आणि मला म्हणाले, काकांची उद्याची रात्रपाळी नेहमीसारखीच लिही.

सोमवारी मी अहवाल पुरा केला. बटण, घाम, लाल उजेड, साडेसहा तास चाललेली बॅटरी, सगळं घेतलं. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं : 'दिव्यातून किंचित गुणगुण येते. गळतीशोधकाने तो वापरू नये.'

काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग माझं पेन मागितलं.

"किंचित?" ते म्हणाले. "आठ दिवस झोपलो नाही मी." आणि तो शब्द खोडून त्यांनी खाली सही केली.