डावीकडची पाकळी

"बायोप्सीत कर्करोगच निघालाय. फुप्फुसाचा," डॉक्टर म्हणाले. शेजारी बसलेल्या माझ्या बायकोने, शालिनीने, लगेच विचारले, "औषध कधी सुरू करणार?"

पहिल्याच केमोथेरपीला, म्हणजे शिरेतून औषध देताना, माझी छाती आवळली, तोंड लाल झाले. नर्सने धावत येऊन सलाईन बंद केले. याला हायपरसेन्सिटिव्हिटी रिॲक्शन म्हणतात, म्हणजे औषध अंगावर उलटणे.

डॉक्टरांनी समजावले, "तुमचे औषध, पॅक्लिटॅक्सेल, पाण्यात विरघळत नाही. म्हणून ते एरंडेलापासून केलेल्या द्रावकात देतात. बहुतेक तेच तुम्हाला सोसले नाही. आता पॉलिमेरिक मायसेलमधून देऊ." मायसेल म्हणजे पॉलिमरचे, लांब साखळीसारख्या रेणूंचे, अतिसूक्ष्म कण. आतला भाग औषध धरून ठेवतो, बाहेरचा पाण्यात मिसळतो. एरंडेल लागतच नाही.

मी मात्र घाबरलो होतो. देवाने होकार दिला तरच घेईन, असा हट्ट धरला. आमच्या पेडणे तालुक्यात देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावून कौल घेतात. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नको. मला धारगळच्या घरी अंथरुणातून उठवत नव्हते. शालिनी गेली. परतल्यावर दारातूनच म्हणाली, "उजवी पडली. उठा आता."

ते औषध सोसले. गाठ आकसली. नारळ घेऊन देवळात गेलो, तर पुजारी म्हणाले, "डावी पडली होती, तरी बरे झालात!"

नारळ तसाच घेऊन घरी आलो.

"होय, डावीच पडली," शालिनी म्हणाली. "देवाचा काय ता मी बघीन. तुमका मरूक सोडू काय?"

माझ्याच माणसाने देवाच्या नावाने मला फसवले! मी तिच्याशी बोलणे टाकले. नाक्यावर सगळ्यांना सांगत सुटलो. माझा हट्ट तेवढा गाळला. हळूहळू तिला कोणी ओटी भरायला बोलवेना. तिने मला एकदा फसवले ते जगवण्यासाठी. मी तिला गावासमोर उघडे पाडले ते नुसत्या रागाने.

तुमच्यावर ही वेळ आली तर औषधाची शंका डॉक्टरांनाच विचारा. देवाकडे बळ मागा.

गेल्या सोमवारी आरतीनंतर सर्वांसमोर मी माझ्या हट्टासकट सगळे सांगितले. घरी येऊन शालिनीला विचारले, "उद्या स्कॅनला येशील गो?"

"कौल लावून बघा," ती म्हणाली, आणि माझे रिपोर्ट पिशवीत भरू लागली.